पोळ्याचं इंजिन

काष्टी गावातल्या एका शेतात, विहिरीवरच्या छपरात प्रणिता वाकून शिरली. इंजिन जाम निघालं, तर सगळं संपलं.

नगर कॅम्पातल्या एका मेजरसाहेबाची ती लाल, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार तिच्या आबांनी, म्हणजे वडील नृसिंहरावांनी, हौसेनं घेतली आणि लग्न झाल्यावर मुकाट्यानं काष्टीच्या बन्सी शेतकऱ्याला विकली. बन्सीला कसली आलीय गाडीची हौस! त्यानं इंजिन काढून विहिरीवर बसवलं आणि सांगाडा भंगारात घातला. तो सांगाडा प्रणितानं हुडकला, दोन वर्षं खपून पुन्हा उभा केला. नृसिंहराव रोज त्यात जाऊन बसत आणि विचारत, "आवाज कधी ऐकवतेस?" हल्ली चार पावलांत त्यांना धाप लागे. तसलं दुसरं इंजिन तर कुठेच मिळत नव्हतं.

इंजिनावरचा नंबर गाडीच्या जुन्या कागदांशी जुळला. पण ते आतून शाबूत होतं का?

"आजी, कधीपासून बंद आहे?" तिनं बन्सीच्या म्हाताऱ्या विधवेला, मुक्ताबाईला विचारलं.

"इजेची मोटार बसली तवापासनं. पन आबाळ न्हाई केली हां! बैल ईकून ह्याला लावलं हुतं. मंग पोळ्याला ह्यालाच आंगूळ. दर साली, बादलीभर पानी."

प्रणितानं घाईघाईनं पिशवीतून पाना काढला. दर वर्षी पाणी! आत गंजाशिवाय काय उरणार? आबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हातारीच्या मायेचा तिला भयंकर राग आला. तिनं प्लग काढला, मोबाईलचा उजेड पाडला. आत गंज नव्हता. पिवळसर, चिकट काहीतरी चमकत होतं.

"हे काय?"

"त्याल. बैलाचं खांदं मळतो न्हवं? आंगूळ झाली की पुसायचं, बुचं काढून त्याल सोडायचं, दांडा फिरवायचा. आमचं मालक मरताना सांगून गेल्ते."

प्रणितानं हँडल बसवून जोर लावला. हलेना. घाम फुटला. पुन्हा लावला, आणि इंजिन जडपणे फिरलं. तिला रडूच फुटलं. फोनवर ती ओरडली, "आबा, फिरलं!"

मागे वळून पाहते तो मुक्ताबाई इंजिनावर हात ठेवून बसलेली.

"टेम्पो कवा आनता?"

सकाळपासून 'आमचं इंजिन, आमचं इंजिन' म्हणणारी प्रणिता तिच्यापाशी जाऊन टेकली. "आजी, तुम्ही नको म्हणालात तर..."

मुक्ताबाईनं हँडल पदरानं पुसलं आणि विकलेल्या बैलाचा कासरा द्यावा तसं तिच्या हातात दिलं.

"न्या. वडलांना तेवढं सांगा, त्येला कवा उपाशी न्हाई ठिवलं."