दोन एक्स

“मोजणीबाई, माणूस मिशीवाला आणि रक्त बाईचं? नळ्या बदलल्यात तुम्ही. पुन्हा असं झालं तर टेबल सोडा.” एवढं बोलून डॉक्टरसाहेब निघून गेले.

रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजून त्यांच्या जोड्या लावायच्या, यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती, म्हणून ती मोजणीबाई. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. या गृहस्थाच्या रक्तात वाय औषधालाही नव्हता. आजवर तिनं नळीवर नाव चुकवलं नव्हतं, त्यामुळे हा बोल फार लागला.

मूल होत नाही म्हणून नवरा-बायको तपासून घ्यायला आली होती. सुईला भिऊन यानं आपल्या पाळीलाही बायकोलाच पुढं केलं असेल? तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं स्वतःच्या हातानं त्याचं रक्त घेतलं, गालाच्या आतून पेशीही खरवडल्या. रक्तात पुन्हा दोन एक्स. गालात मात्र वाय होता. तोंड पुरुषाचं, रक्त बाईचं. आता तिला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना.

तिनं त्याला तिसऱ्यांदा बोलावलं. बायकोला बाहेर बसवून दार लोटलं, रक्त घेतलं आणि त्याच्या हातावर कापूस ठेवला.

“पूर्वीचा आजार काही नाही, असं लिहिलंय तुम्ही. खरं सांगा, माझ्या नोकरीवर आलंय.”

तो दाराकडे बघत राहिला. “ही शेजारी बसलेली होती ना तेव्हा. लग्नात सांगितलं नव्हतं आम्ही. सातवीत असताना रक्ताचा कॅन्सर झाला होता. ताईनं तिच्या हाडातला मगज दिला, म्हणून वाचलो.”

मोजणीबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला. चूक तिची नव्हती. आधी तिला एवढाच आनंद झाला आणि मग त्याची लाज वाटली.

“मग बरोबर आहे. तुमचं रक्त त्या मगजातूनच बनतं. ते तुमच्या ताईचं आहे. कुठं असतात त्या?”

“गेली ती. चार वर्षं झाली.” त्यानं टेबलावरच्या नळीकडे बघितलं. “तुम्ही घेतलेलं हे रक्त वाया जाणार का हो आता?”

“तपासणीला लागलं नाही, तर टाकून द्यावं लागतं.”

त्यानं मान हलवली. रक्त यायचं केव्हाच थांबलं होतं, तरी कापूस दाबून धरलेलं बोट त्यानं उचललं नाही.