गोदामाच्या भिंतीला टेकलेली सायकल

मित्रांनो, माझा रंग कधीच उडून गेला आहे, घंटी नीट वाजत नाही आणि चढावर माझी साखळी कुरकुरते. जुनी सायकल म्हटल्यावर हे असायचंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल. मी त्याला एका फाटकातून आत नेलं आणि परत आणू शकले नाही.

श्रीलंकेच्या दक्षिण भागात, समुद्रापासून थोडं आत, नारळाच्या बागांमध्ये आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत अरियसेन मास्तर गणित शिकवत. मी त्यांची. रोज सकाळी ते खोबरेल तेलाच्या चिंधीनं मला पुसत, आणि त्यांची बायको पियसीली दारातून म्हणे, "एवढं तेल माझ्या केसांना मिळालं असतं, तर ते गुडघ्यापर्यंत आले असते."

"तुझे केस मला शाळेत पोचवतात का?" मास्तर विचारत.

मग ती हसत आत जाई आणि गुळाचा खडा नि कोरा चहा घेऊन येई. माझं सीट फाटलं तेव्हा तिनंच आपल्या जुन्या निळ्या पोलक्याचं कापड शिवून त्यावर चढवलं. ते चांगले दिवस होते. मागच्या कॅरियरवर मास्तरांची मुलगी इंद्राणी बसे आणि तिच्या चपला माझ्या आऱ्यांना घासत.

पुढे देशात वाईट काळ आला. बंडखोर असल्याच्या संशयावरून तरुण मुलं घरातून उचलली जाऊ लागली. कधी जीप येई, कधी नंबर नसलेली गाडी. सकाळी नदीवर पाणी भरायला गेलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत येत आणि काय पाहिलं ते सांगत नसत. लोकांनी संध्याकाळी दिवे लावणं सोडलं. कुत्री भुंकली तरी घराघरांत श्वास रोखले जात.

मास्तर विरोधी पक्षाचे. बाजारातल्या सभेत ते लाउडस्पीकरसमोर उभे राहिले आणि सरकारला एकच गोष्ट विचारली. म्हणाले, "माझ्या वर्गातली दोन मुलं लष्करानं नेली. ती कुठं आहेत, एवढं सांगा." टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक माना खाली घालून घरी गेले. येताना मास्तरांनी मला चालवलं नाही, हातात धरून चालत आणलं. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, शाळेतून येताना रस्त्यावर नाका लागलेला दिसला. सैनिक सगळ्यांना रांगेत उभं करत होते. रांगेच्या टोकाला एक माणूस खुर्चीवर बसला होता. त्याच्या डोक्यावर गोणी होती आणि डोळ्यांपुरती दोन भोकं. एकेक जण त्याच्यासमोर थांबे. गोणी हलली नाही, तर माणूस पुढं जाई. कोण होता तो? शेजारी, विद्यार्थी, की मार खाऊन तिथं बसवलेला कोणी? मास्तर समोर आले. गोणी जरा वेळ स्थिर राहिली. मग हळूच खाली-वर हलली.

"मास्तर, दोन मिनिटं आत या," एक सैनिक अगदी अदबीनं म्हणाला. "सायकल घेऊनच या."

आत म्हणजे भाताच्या जुन्या सरकारी गोदामात. तिथं लष्करानं तळ केला होता. मास्तरांनी मला भिंतीला टेकवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. घरी जायचं आहे, असा विचार करूनच माणूस कुलूप लावतो.

गोदामाला खिडक्या नव्हत्या. आतून जे आवाज येत, ते तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या आवाजांच्या वेळी स्वयंपाकी रेडिओ मोठा करायचा, आणि रेडिओवर प्रेमाची गाणी लागायची.

एका दुपारी काही माणसांना बाहेर काढलं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. मास्तरांचा सदरा मी ओळखला, चालणं ओळखू आलं नाही. माझ्याजवळून जाताना त्यांचा पाय माझ्या पॅडलला अडखळला आणि घंटी किणकिणली. ते थांबले. बांधलेल्या हातांनी त्यांनी चाचपडत माझ्या सीटवरचं कापड शोधलं. एक बोट शिवणीवरून फिरवलं.

"चला," मागून आवाज आला.

ट्रक गेला. संध्याकाळी तोच ट्रक रिकामा परत आला आणि सैनिकांनी तो बादल्या ओतून धुतला.

पियसीली फाटकावर रोज येत होती. सोबत मास्तरांची मोठी बहीण हेमावती असे. पहारेकरी दर वेळी तेच सांगे, "या नावाचा माणूस इथं आलाच नाही." मला तिचा आवाज ऐकू येई, दिसत मात्र ती नसे. मग एक दिवस पाण्याचा टँकर आला, फाटक सताड उघडलं, आणि तिनं मला पाहिलं.

ती आरडाओरडा न करता सरळ आत चालत आली. बंदुका वर झाल्या. अधिकारी बाहेर आला.

"ती त्यांची सायकल आहे, सर."

"इथं बऱ्याच सायकली आहेत, बाई."

"निळ्या सीटची. ते कापड माझ्या पोलक्याचं आहे. उरलेला तुकडा घरी आहे, आणून दाखवू?"

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तो हसला. "रस्त्यात पडलेली सापडली आम्हाला. तुझी असेल तर घेऊन जा."

फाटकातून हेमावती कापऱ्या आवाजात म्हणाली, "घे गं, आणि चल. पाया पडते तुझ्या, चल."

पियसीलीनं माझ्या मुठीवर हात ठेवला.  मग तिनं हात काढून घेतला.

"ज्यांनी ही आत आणली, त्यांनाच बाहेर पाठवा. ते चालवत घेऊन येतील. मला सायकल येत नाही."

अधिकारी पुढं झुकला. आवाज चढवला नाही. "तुला एक मुलगी आहे ना, बाई?"

पियसीलीचा चेहरा पांढरा पडला.  "आहे. बाबा कधी येणार, म्हणून तीच रोज विचारते."

तिला ढकलून बाहेर काढलं. मित्रांनो, ते आत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि त्या अधिकाऱ्यालाही माहीत होतं. तो बोलला नाही, आणि मला बोलता येत नाही.

त्याच रात्री इंद्राणीला मामाकडं पाठवून दिलं. पियसीली मात्र फाटकावर येतच राहिली. मी पावसात गंजत गेले. मला हलवायचं की ठेवायचं, हे कोणी ठरवलंच नाही.

पुढं लष्कर निघून गेलं. बायका आत शिरल्या. गोदामाच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत ताजा चुना दिलेला होता. बायका त्या ओल्या चुन्यावरून हात फिरवत फिरवत चालल्या होत्या. पियसीली सगळ्यात शेवटी बाहेर आली. तिचे दोन्ही तळवे पांढरे होते. तिनं माझं कुलूप दगडानं फोडलं.

चाळिशी ओलांडलेली बाई सायकल शिकते तेव्हा गाव बघायला जमतं. ती पडली, गुडघे फोडून घेतले, परत चढली. मास्तर काही सापडले नाहीत. कुठल्या मातीत आहेत, तेही आजवर कोणी सांगितलेलं नाही. पण ज्या ज्या घरातून माणूस नेल्याचं कानावर येई, त्या घरी ती मला घेऊन जाऊ लागली.

म्हणून तुम्हाला एक विनंती. आम्हा सायकलींना तेल द्या, पावसात ठेवू नका, हे तर आहेच. पण एखाद्या घरात असं झालं, तर त्या घरावरून मान वळवून पुढं जाऊ नका. थांबा.

परवाच आम्ही दूरच्या एका गावी गेलो होतो. घराचं दार अर्धवट लोटलेलं. एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. शेजारी बघत होते, म्हणून ती बोलायला घाबरत होती. पियसीली तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"अक्का, नाव काय तुमच्या मुलाचं?"

म्हातारी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

म्हातारीनं दाराकडं पाहिलं, मग पियसीलीकडं. आणि मुलाला जेवायला हाक मारावी, तसं तिनं त्याचं नाव घेतलं. अंगणात उभ्या असलेल्या मलाही ते स्वच्छ ऐकू आलं.