आठवा संघ

डेक्लनने फळ्यावर आठव्या नावाखाली मारलेली आडवी रेघ आसावरीने उठून तळहाताने पुसून टाकली.

"ठराव अजून मंजूर झालेला नाही," ती म्हणाली. "झाला की मारा."

रविवारची दुपार होती. लीड्समधल्या त्या जुन्या आयरिश हॉलमध्ये बारा क्लबांचे प्रतिनिधी कोट अंगावर ठेवूनच बसले होते, कारण हीटर चालत नव्हता. महिलांच्या गेलिक फुटबॉलची चॅम्पियनशिप पुढच्या वर्षीपासून कशी खेळवायची, हे आज ठरायचं होतं. आजवर बाराही संघ एकाच कपासाठी खेळत. नव्या ठरावानुसार वरचे आठ संघ चार-चारच्या दोन गटांत त्या कपासाठी खेळणार, आणि खालच्या चौघांसाठी वेगळा, छोटा कप. तीन वर्षं कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मागच्या मोसमाच्या निकालांवरून केलेल्या यादीत आसावरीचा ओकवुड क्लब नववा होता.

डेक्लन अध्यक्ष होता. साठीचा, मऊ बोलणारा. त्याने हातातला मार्कर टेबलावर ठेवला.

"आसावरी, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. मागच्या मोसमात चॅम्पियन संघाने तुमची काय दशा केली, ते मी पाहिलंय. अशा मॅचनंतर मुली खेळ सोडतात."

"एक सोडून गेली," आसावरी म्हणाली. "बाकीच्या मंगळवारी प्रॅक्टिसला हजर होत्या. चॅम्पियनकडून हरलो याची आम्हाला लाज नाही वाटली. तुम्ही त्यांच्यासमोर उभ्याच राहू नका, असं आज पहिल्यांदा कुणी सांगतंय, त्याची वाटते. सगळ्यांना गटांत मिसळा. सुरुवात सगळ्यांची एकत्र होऊ द्या. गटात जे हरतील ते जातील छोट्या कपाला. पण हरून जातील, यादी बघून नाही."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बाकीचे आपापल्या फोनकडे बघत राहिले.

नागपूरला असताना ती खो-खो खेळायची. रेडिओग्राफरच्या नोकरीवर इथल्या हॉस्पिटलात आली, तेव्हा वॉर्डातल्या आयरिश नर्सेसनी विचारलं होतं, पळता येतं ना? मग चल. चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथेने मारायचा, अंगावर कुणी आलं तरी थांबायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी आवडलं. गुडघा गेला तशी ती कोच झाली. नर्सेस, विद्यार्थिनी, एक बसड्रायव्हर अशी तिची टीम. त्यांनी तिला इथे एकाच निरोपासह पाठवलं होतं. काहीही कर, पण आपल्याला मोठ्या कपात ठेव.

चहाच्या सुट्टीत डेक्लन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"अजून कुणाला सांगितलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "सहाव्या नंबरच्या क्लबला पुढच्या वर्षी वरच्या कपाच्या तोडीची टीम उभी करता येणार नाहीये. ते खालच्या कपात जातायत. म्हणजे आठवे तुम्ही. झालं ना तुमचं काम? आता ठरावाला विरोध करू नकोस."

आसावरीने कप खाली ठेवला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन सान्वीला फोन लावला. सान्वी टीमची कॅप्टन. जन्म लीड्सचा, मराठी आजीकडून शिकलेली.

"ओ माय गॉड, मग घे ना!" सान्वी ओरडली. "आपला टीम वर गेली! अजून काय पाहिजे?"

"बाकीचे राहतात ना खाली."

"सो? ते आपला प्रॉब्लेम नाहीये, आसावरीताई. प्लीज."

ती परत आली तेव्हा नोरा सिंकपाशी कप विसळत होती. नोरा समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या क्लबची, यादीत शेवटची. डेक्लनचं बोलणं तिच्या कानावर गेलंच होतं.

"मी तुझ्या जागी असते तर घेतलं असतं," नोरा म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळेच आसावरीला तिच्याकडे बघवलं नाही.

मतदान झालं. आसावरीचा हात विरोधात वर गेला, तरी ठराव मंजूर झाला. डेक्लनने तिच्याकडे एकदा पाहिलं, नाराजीने नाही, थोडं थकून. मग आठ नावं वाचली. आठवं ओकवुड.

आसावरी उभी राहिली. गुडघ्यातून कळ गेली.

"ओकवुड खालच्या कपात खेळेल."

"असं करता येत नाही," कुणीतरी म्हणालं.

"का नाही? आत्ताच एक क्लब स्वतःहून खाली गेला ना?"

डेक्लनने कागद चाळला. "ठरावात आठ संघ आहेत. सात असतील तर ठराव लागू होत नाही." त्याने दहाव्या क्लबच्या माणसाकडे पाहिलं. "मग तुम्ही या वर."

तो माणूस आसावरीकडे बघत राहिला. मग खुर्चीत मागे रेलून त्याने हाताची घडी घातली.

"आम्ही खालीच बरे."

अकराव्या क्लबनेही तेच सांगितलं. शेवटी सगळ्यांच्या नजरा नोराकडे वळल्या. नोरा लालबुंद झाली होती. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

डेक्लनने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "पाच मिनिटं थांबू," तो म्हणाला. "मग पुन्हा पहिल्यापासून बोलू. सगळेच."

बाहेर कार पार्कमध्ये वारा बोचत होता. सान्वीने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"वर ना?"

"नाही. मी आपली जागा सोडली."



"तू आम्हाला विचारली पण नाही."

"विचारलं. तू घे म्हणालीस. मला नाही घेता आलं."

"मला खूप राग आलाय."

"येऊ दे. उद्या सगळ्यांना मीच सांगेन."

"आणि ती नोरा? तिने काय केला?"

"तीही नाही म्हणाली. आपल्यासकट चौघांपैकी कुणीच वर गेलं नाही."

दारातून डेक्लनने हात करून आत बोलावलं.

"ओके," सान्वी म्हणाली. "पण कुठल्याही कपात त्यांच्याशी मॅच आला ना, तर मी त्यांना एक पॉइंट पण सोडणार नाही. सांग तिला."

"सांगते," आसावरी म्हणाली आणि लंगडत आत गेली.