दूधबहीण खुर्चीवर

ऊल्फाचं लग्न रविवारी होतं आणि तिला घराबाहेर काढायला माझ्या हातेमचा हात लागणार होता. तिचा बाप ती लहान असतानाच गेला, पाठीला सख्खा भाऊ नाही. आमच्या नाबल गावात नवरीनं बापाचा किंवा भावाचा हात न धरता एकटीनं उंबरा ओलांडला की गल्ली ते वर्षभर चघळते. आणि हातेम तिचा भाऊच आहे. दोघांना मी एकाच वेळी अंगावर पाजलंय. ऊल्फाची आई सईदा बाळंतपणात तापानं फणफणली, तेव्हा तिची पोर मी उचलून माझ्याकडे आणली. एका बाजूला माझा हातेम, दुसऱ्या बाजूला ती. हातेम तेव्हाही आपलं सोडून तिच्याकडचं ओढायला जायचा. दुधाचं नातं आमच्यात रक्ताइतकंच घट्ट. दोघांचं आपसात लग्न लागत नाही, पडदा लागत नाही, भांडण मात्र लागतं.

समुद्राकाठच्या टेनिस क्लबात दोघं वाढली. ह्याला चेंडू मारायची हौस, तिला तो नेमका कुठे पडला ते सांगायची. हा खेळाडू झाला, ती पंच झाली. गावोगावच्या स्पर्धांना हा बॅगा घेऊन हिंडतो आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी हरून परत येतो. पण त्या आठवड्यात आमच्याच गावच्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीत पोचला. जन्मात पहिल्यांदा. सामना गुरुवारी दुपारी.

गुरुवारी सकाळी ऊल्फा माझ्या स्वयंपाकघरात आली ती नाक लाल करून. हातेमसारखं तीही मला उम्मीच म्हणते, म्हणजे आई.

"उम्मी, हातेमच्या सामन्याला मलाच पंचाच्या खुर्चीवर बसवलंय."

"मग सांग की त्यांना, भाऊ आहे म्हणून."

"सांगितलं. स्पर्धेच्या मुख्य साहेबांनी, त्या बेल्जियमवाल्यानं, कागद बघितले. बाप वेगळा, आई वेगळी, आडनाव वेगळं. म्हणाले, भाऊ कसा? मी म्हटलं, एक दूध प्यायलोय. तर हसले. म्हणाले, तसं धरलं तर मी बेल्जियमच्या सगळ्या गाईंचा भाऊ."

"शिंगं दिसली नाहीत त्याची," मी म्हटलं. "तू काय करणार आहेस?"

"पंचाचं काम. दुसरं काय करणार?"

"कर तर. पण हातांवर मेंदी नको आज, त्या खुर्चीत शोभत नाही."

"मेंदी शनिवारी आहे, उम्मी. तुझ्याच घरी. विसरलीस?"

मी काही विसरत नाही. मी तिला गाजराची भाजी आणि भाकरी खायला घातली आणि वाटेला लावलं. उपाशी माणसाचा न्याय कडू होतो.

दुपारी गल्लीतल्या बायका घेऊन मी कोर्टाच्या अगदी कडेला, खुर्चीच्या मागे बसले. समोर पोलंडचा एक लांबडा पोरगा होता. चेहऱ्यावर ना राग ना हसू, दोन गेम झाले की बसून केळं खायचा. असल्या माणसाशी खेळायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं. पहिला सेट हातेमनं घेतला, दुसरा त्यानं. दुसऱ्याच्या शेवटी हातेमनं रॅकेट मातीवर असं आपटलं की त्याची मान मोडली.

वरून ऊल्फाचा आवाज आला, थंड, सरळ. "नियमभंग. रॅकेटची तोडफोड. ताकीद."

हातेमनं तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिनं त्याचं सरबत सांडलं की असाच बघायचा.

तिसरा सेट पाच-सहावर आला. सर्व्हिस हातेमची. तीस-पंधरा, म्हणजे हा पुढे. अजून दोन पॉइंट मिळाले की बरोबरी आणि पुढे सगळा खेळ मोकळा. पोलंडवाल्याचा चेंडू मागच्या रेषेवर पडला. हातेमनं तो सोडून दिला आणि बोट वर केलं, बाहेर! ऊल्फा खुर्चीवरून उतरली. लाल मातीत चेंडूचा ठसा उमटतो. तिनं वाकून बघितलं. मीही मान लांब करून बघितलं. ठसा रेषेला चिकटलेला होता. माझी नजर म्हातारी झाली असेल, आंधळी नाही.

"आत," ऊल्फा म्हणाली. "तीस-तीस."

"हा तो ठसा नाही! तो बघ, तो!"

"हाच आहे. खेळ सुरू कर."

ती पाठ फिरवून खुर्चीवर चढली आणि हातेमनं उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या बोलीत, घसा ताणून ओरडला, "ज्या दुधावर वाढलीस त्या दुधावर थू!"

माझ्या बाजूच्या बायका आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, यावरूनच कळलं की सगळ्यांना ऐकू गेलंय. पोलंडवाला केळं सोलत होता. परक्यांना काय कळणार! दुसरा कुणी बाहेरगावचा पंच असता तर त्यालाही कळलं नसतं.

ऊल्फानं तोंडाजवळ माइक घेतला. मग म्हणाली, "नियमभंग. अपशब्द. एका पॉइंटचा दंड. तीस-चाळीस."

हातेमनं मुख्य साहेबांना बोलवा म्हणून आरडाओरडा केला आणि डोक्यावर टॉवेल घेऊन बसून राहिला. साहेब आले, खुर्चीखाली उभे राहिले. मी उभा जन्म हॉटेलात चादरी धुतल्यात, फ्रेंच मला वाचता येत नाही पण कानाला कळते.

"काय म्हणाला तो?"

"आईला बोलला," ऊल्फा म्हणाली.

"तुमच्या?"

"त्याच्या. त्या मागे बसल्यात, डोक्याला निळा रुमाल."

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. गाईंची गोष्ट काही त्यांनी पुन्हा काढली नाही. ऊल्फाला म्हणाले, "इतकं वाईट असेल तर सामन्यातूनच काढता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

"दुसरी चूक आहे. दुसऱ्या चुकीला एक पॉइंट. भाऊ म्हणून कमी नाही, भाऊ म्हणून जास्तही नाही."

खेळ सुरू झाला. अजूनही सगळं हातेमच्या हातात होतं. त्यानं पहिली सर्व्हिस जाळ्यात मारली. दुसरीही जाळ्यात मारली. संपलं.

संध्याकाळी मी कुसकुस वाढलं. माझी चूल कुणाच्या हरण्यानं विझत नाही.

"बघितलंस ना, उम्मी? स्वतःच्या भावाला! मी नाही जाणार रविवारी. निघू दे तिला एकटीला."

"काय म्हणालास तिला?"

"तोंडातून निघून गेलं. सगळेच म्हणतात."

"मग म्हण की. इथे, माझ्यासमोर."

तो ताटातल्या भोपळ्याकडे बघत बसला.

"तिथे गावासमोर घसा फाटला, इथे दातखीळ बसली?"

"मी सईदाखालाला काही म्हणालो नाही. तिचा मान ठेवतो मी."

"सईदानं तिला थेंबभर पाजलेलं नाही, गाढवा. ती प्यायली ते दूध कुणाचं?"

त्याचा चमचा वाटेतच थांबला. असं आहे माझ्या लेकाचं, चेंडू लवकर दिसतो, बाकी सगळं उशिरा. मी त्याच्यासमोरचं ताकाचं भांडं उचललं.

"उम्मी, हे काय?"

"दंड. तिनं तिच्या पुस्तकाप्रमाणे दिला, हा माझ्या. या घरातलं दूध ज्याला थुंकण्याजोगं वाटतं त्यानं ते पिऊ नये. ताक नाही, दही नाही, कॉफीत थेंब नाही."

"कधीपर्यंत?"

"ते मला विचारू नकोस. आणि ऐक. साहेब तुला सामन्यातून हाकलायला तयार होते. तू टॉवेलात तोंड खुपसलं होतंस तेव्हा तिनं तुला तिथे ठेवलं. चेंडू जाळ्यात मारायला काही ती उतरली नव्हती."

शुक्रवारी त्यानं काळी कॉफी घेतली आणि तोंड वाकडं केलं. शनिवारी अंगणात बायकांनी ऊल्फाच्या हातांना मेंदी लावली, गाणी म्हटली. हातेम खोलीतून बाहेर आला नाही. ऊल्फानं त्याची चौकशी केली नाही, पण तिची नजर त्याच्या दाराकडे जात होती. मी तिला म्हटलं, "हात हलवू नकोस, नक्षी बिघडेल." दुसरं काय सांगणार? मी हुकूम केला असता तर तो आला असता. पण ढकलून आणलेला हात धरून कुणी उंबरा ओलांडू नये.

रविवारी वराकडच्या गाड्या गल्लीत भोंगे वाजवत उभ्या राहिल्या. सईदा रडायला लागली. शेजारणी एकमेकींच्या कानाला लागल्या. मी अंगावरची चादर सारखी केली आणि पुढे झाले. म्हटलं, चल ऊल्फा, माझा हात घे, ज्याला बोलायचंय तो माझ्याशी बोलेल.

तेवढ्यात दारात हातेम. अंगात पांढरा जुब्बा, दाढी केलेली, डोळे खाली. ऊल्फाकडे गेला नाही, दारातच उभा राहिला.

"दूध आहे का थोडं?" त्यानं विचारलं.

बायकांना काही कळेना. लग्नघरात बदामाचं सरबत उतू जात होतं आणि हा दूध मागत होता. ऊल्फाला कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. मेंदीच्या हातांनी तिनं स्वतः पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"पंचवीस सेकंद आहेत," ती म्हणाली, सर्व्हिसआधी खेळाडूला देतात तेवढेच. "गाड्या थांबल्यात."

त्यानं उभ्याउभ्या, एका दमात पेला रिकामा केला. मिशीला साय लागली ती तिनंच पुसली, नव्या रुमालानं. मग त्यानं हात पुढे केला, आणि मी जीभ नाचवत इतक्या जोरात आनंदाची उलुलू केली की पुढच्या गाडीचा ड्रायव्हर दचकून खाली उतरला.