विल्फची उशिरा येणारी ओळ

अ‍ॅव्हरिल हॅटर्स्लीच्या ओळखीत शेफील्डमधले जिवंत लोक कमी आणि मेलेले जास्त होते. दर शनिवारी शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम नसायचं, तेव्हा ती शहराच्या दफ्तरखान्यात ठाण मांडून बसायची. कोणाचा पणजोबा चाकूंना धार लावायचा, कोणाची आजी चमचे घासून घासून काळीठिक्कर घरी यायची, सगळं तिला तोंडपाठ. शेजारपाजारच्या सगळ्यांची घराणी तिने शोधून दिली होती आणि त्या बदल्यात केक खाऊन खाऊन वजन वाढवून घेतलं होतं. फक्त स्वतःच्या बापाचं घराणं काही केल्या हाती लागत नव्हतं.

तिचे बाबा विल्फ ऐंशी ओलांडलेले. उभी हयात टिन्सलीच्या कारखान्यात वितळलेलं पोलाद साच्यात ओतण्यात गेली, आणि तिथल्या गोंगाटात एक कानही गेला. हॅटर्स्ली नवराबायकोने त्यांना वाढवलं, पण ते त्यांच्या पोटचे नव्हते. चार वर्षांचे असताना त्यांना कुठून तरी आणलं, आणि मग युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात घर जळालं. तिघं बाहेर होते म्हणून वाचले, पण कागदाचा चिटोरा उरला नाही. हॅटर्स्लींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. ‘मला कुठून आणलं?’ असं विल्फने विचारलं, की हॅटर्स्लीबाई पीठ काढून लाटायला बसायच्या. लहानपणी विल्फने फार पेस्ट्री खाल्ली.

“मला खानदान वगैरे नको,” ते अ‍ॅव्हरिलला म्हणायचे. “राजाचा वंशज निघालो तर या वयात कुठे मिरवू? मला का दिलं, एवढंच शोध. नकोसा झालो होतो का, एवढंच.”

हे ते हसत हसत म्हणायचे, आणि अ‍ॅव्हरिल पुढच्या शनिवारी पुन्हा दफ्तरखाना गाठायची.

त्यांच्या आठवणीत एकच गोष्ट शिल्लक होती: कुणा दांडग्या माणसाची मांडी आणि त्याचं नाताळचं गाणं. गाण्याचे शब्द सगळ्या शहराला पाठ, पण विल्फची चाल जगावेगळी. शिवाय शेवटची ओळ ते सगळ्यांची सुरू झाल्यावर सावकाश उचलायचे. दहाव्या वर्षी चॅपलच्या गायनमास्तरने त्यांना घरी पाठवलं. “पोरगा बेसूर आहे तो आहेच, वर उशिरा येतो,” असं चारचौघांत सांगून. तेव्हापासून विल्फ फक्त न्हाणीघरात गायचे. नातवंडं दाराबाहेरून ओरडायची, “आजोबा पुढच्या ट्रामने येतायत.”

शहराच्या पश्चिमेला टेकड्यांवरच्या गावांत नोव्हेंबर उजाडला की दर रविवारी दुपारी पब नाताळची गाणी गाणाऱ्यांनी भरतात, आणि शब्द तेच असले तरी प्रत्येक गावाची चाल आपली आपली असते. हे शेफील्डमध्ये कोणाला माहीत नाही? अ‍ॅव्हरिललाही माहीत होतं. पण विल्फ गाणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत, म्हणून घरातलं कोणीच कधी तिकडे फिरकलं नव्हतं. आणि कागदात नाक खुपसून बसलेल्या अ‍ॅव्हरिलला कान लावायचं सुचलंच नाही. शहाण्या माणसांचं असंच होतं.

अशाच एका रविवारी दोघं गाडीतून जरा हवा खायला निघाले होते. नेहमीची खाणावळ बंद निघाली आणि विल्फना भूक आवरेना. म्हणून अ‍ॅव्हरिलने ब्रॅकनशॉ गावातल्या ‘ब्लू रॅम’ पबसमोर गाडी लावली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यातल्या ऑर्गनवर कुणी तरी बोटं मोकळी करत होतं.

“हे गाणारे दिसतायत,” विल्फ म्हणाले. “चल माघारी.”

“बाबा, मटण-बटाट्याची पाई सांगून झालीय. तुमचा बहिरा कान तिकडे करून बसा.”

पाई आली. विल्फनी तिच्यावर काळा सॉस ओतला, पहिला घास काट्यावर घेतला, आणि काटा तिथेच थांबला.

“अ‍ॅव्हरिल, ही माझी चाल आहे.”

अ‍ॅव्हरिलने ऐकलं. खरंच तीच होती. न्हाणीघराच्या दाराआडून जन्मभर ऐकलेली, आणि इथे शंभर माणसं छातीठोकपणे ती गात होती. विल्फ उठून उभे राहिले. आधी पुटपुटले, मग घसा मोकळा झाला. दोन कडवी त्यांनी अशी गायली, जणू दर रविवारी इथेच असतात. शेवटची ओळ आली. सगळ्यांनी उचलली, आणि विल्फ आपल्या सवयीने मागून आले. सगळ्यांचं गाणं थांबलं, तेव्हा त्यांचा एकट्याचा खर्जातला आवाज तेवढा उरला होता.

लोक वळून बघू लागले. विल्फ कानापर्यंत लाल झाले आणि टोपी शोधू लागले. “झाली शोभा. चल.”

“कोण आलं ते उशिरा?”

ऑर्गनशेजारच्या बाकावरून एक म्हातारी काठी टेकत उठली होती. ती नोरा ब्रूमहेड. गर्दी आपसूक बाजूला झाली, त्यावरून तिचा गावातला वचक कळत होता.

“मीच, बाई,” विल्फ म्हणाले. “माफ करा. मला नीट येत नाही.”

“नीटच येतंय. असं उशिरा फक्त आमचे बाबा यायचे. शेवटच्या ओळीआधी त्यांना बिअरचा घोट लागायचा. बारा महिने घरात हेच गाणं, आणि घोटही बारा महिने. आम्हा पोरांना वाटायचं, चालच तशी आहे.” ती जवळ आली. “ते गेल्यापासून इथे कोणी असं गायलेलं नाही. तुझं नाव काय?”

“विल्फ. विल्फ हॅटर्स्ली.”

नोरा मटकन खाली बसली. कुणीतरी तिच्याखाली वेळेवर खुर्ची सरकवली.

“विल्फी,” ती म्हणाली. “अरे मेल्या, कुठे होतास तू?”

“टिन्सलीला,” विल्फ म्हणाले.

मग अ‍ॅव्हरिलने एकेक विचारलं आणि नोराने सांगितलं. पाच भावंडं, विल्फी शेंडेफळ. आई क्षयाने गेली, आणि त्याच हिवाळ्यात खाणीत बापाचा पाय मोडला. थोरली कशीबशी तगतील, पण धाकट्याकडे कोण बघणार, म्हणून शहरातल्या ओळखीच्या हॅटर्स्लींकडे त्याला ठेवलं.

“ठेवलं?” विल्फनी विचारलं. “की दिलं?”

“ठेवलं. वसंतात आणणार होते. तुझी खाट तशीच होती, मला तिच्यावर झोपू देत नव्हते. मग बॉम्ब पडले. बाबा कुबड्या घेऊन चालत खाली गेले. गल्लीच नव्हती. लोक म्हणाले, त्या घरातलं कोणी वाचलं नाही. तरी ते पुन्हापुन्हा जात राहिले.”

हॅटर्स्लींनी तोंड का उघडलं नाही, ते आता कोण सांगणार? पोर परत द्यावं लागेल ही धास्ती असावी. विल्फना त्यांचा राग आला नाही. त्यांना एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं, आणि त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

“ऊठ,” नोरा म्हणाली. “तुला भेटवते.”

रस्ता ओलांडला की चर्च. भिंतीलगतच्या एका दगडापाशी ती थांबली. वर आईचं नाव, सर्वांत खाली बापाचं, आणि मध्ये कोरलं होतं: ‘आणि आमचा लाडका विल्फी, वय चार.’

विल्फनी ते पुन्हापुन्हा वाचलं. मग इतके हसले, की अ‍ॅव्हरिलला त्यांना धरावं लागलं.

“तू मला जिवंतांत शोधत बसलीस, पोरी.”

“दर नाताळला बाबा आम्हाला इथे उभं करून गायला लावायचे,” नोरा म्हणाली. “कडाक्याच्या थंडीत. माझे गुडघे गेले ते तुझ्यामुळे.” तिने काठीच्या टोकाने दगडावरचं शेवाळ खरवडलं. “आता हे नाव घासून काढायला माणूस बघायला हवा. जिवंत माणसाचं असं बरं नाही दिसत.”

विल्फनी पुढे होऊन नावावर तळहात ठेवला.

“राहू दे, ताई,” ते म्हणाले. “आईबाबांच्या मध्ये मी एवढ्या एकाच जागी आहे.”