गुळगुळीत बाजू खाली

मी सायक्लेमेनचा कंद बोलतोय. आवाज जमिनीतून येतोय, तेव्हा जरा वाकून ऐका. मी देखणा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तपकिरी, चपटा, ताटलीएवढा, आणि वरच्या अंगाला असा खडबडीत की हातात घेणारा आधी बटाटा समजतो. पण माझं फूल पाहा आणि मग बोला. वारा सुटल्यावर केस मागे जावेत तशा सगळ्या पाकळ्या मागे वळलेल्या, गुलाबी, बुडाशी गडद. पानं फुलांनंतर येतात. मधोमध रुपेरी आणि कडेला हिरवी बारीक किनार. असं पान आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. या एका पानापायी दोन जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

माझा जन्म एका रोपवाटिकेत झाला, तोही अंधारात. आमचं बी उजेडात रुजायला कुरकुर करतं, म्हणून तिथल्या माळ्यानं ट्रेवर काळं प्लास्टिक पसरलं होतं. पहिल्या वर्षी माझी कमाई एक पान आणि वाटाण्याएवढा कंद. तिसऱ्या वर्षी मला पहिलं फूल आलं आणि त्याच सुमाराला त्या दोन जावांपैकी थोरली तिथे आली.

थोरली घड्याळं दुरुस्त करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे, डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. तिनं आधी आमच्यातली दुकानी जात नेली होती, मोठ्या फुलांची. ती ठेवली स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणि पाणी घातलं थेट डोक्यावर. पंधरा दिवसांत पानं पिवळी आणि कंद लिबलिबीत. कुंडी घेऊन ती तणतणत माळ्याकडे आली. माळी शांतपणे म्हणाला, "बाई, आधी जागा सांगा, मग जात सांगतो."

मग तिनं घराचा नकाशाच काढून दिला. माळ्यानं जागा पाहून जाती नेमल्या. थंड खिडकीत मोठ्या फुलांची, पाणी खालच्या बशीतून. भिंतीच्या सावलीत गोल पानांची बुटकी, ती भर थंडीत फुलते. पत्र्यावर उन्हात उन्हाळी झोपेत भाजून घेणारी. ऊन लागलं नाही तर ती फुलतच नाही. अंगणातल्या अंजिराखाली, जिथे गवतही धड उगवत नव्हतं, तिथे मी. एक सुगंधी जातही तिनं नेली होती. ती बिचारी कधी झोपतच नाही, आणि थोरलीनं आम्हा सगळ्यांसारखं तिचंही उन्हाळ्यात पाणी तोडलं. त्या मरणाचं तिला अजून वाईट वाटतं.

उन्हाळ्यात माझी पानं जातात. लोकांना वाटतं, गेला. थोरलीला तसं कधी वाटलं नाही. बंद पडलेलं आणि संपलेलं यांतला फरक तिला घड्याळांनी शिकवला आहे. मी सव्वीस वर्षं त्या अंजिराखाली होतो, दर वर्षी फुललो, एकदाही हललो नाही. माझ्याइतकं स्वस्थ त्या घरात कुणीच नव्हतं.

घराची वाटणी झाली तेव्हा अंगणातून भिंत गेली, खांद्याएवढ्या उंचीची. पलीकडे धाकटी, थोरलीच्या दिराची बायको. ती सकाळी लाँड्रीत इस्त्रीचं काम करते, दुपारी घरी येते. भिंतीनं त्यांचं काही बिघडलं नाही. चार वाजले की भिंतीवर दोन्हीकडून एकेक कप यायचा आणि दोघी उभ्याउभ्या तासभर बोलायच्या. माझ्याबद्दलही बोलायच्या. धाकटीला कंदातलं काही कळायचं नाही, पण विचारायची खूप आणि ऐकायची मन लावून.

एका उन्हाळ्यात थोरलीनं माझं एक पिल्लू, सुपारीएवढा कंद, उपटून ट्रेमध्ये वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता. उंदरानं नेला. मी डोळ्यांनी पाहिला, म्हणजे माझ्याकडे जे काही आहे त्यानं. पण थोरलीनं पाहिला नव्हता. पावसाळा सरला आणि भिंतीपलीकडे, धाकटीच्या बाजूला, रुपेरी पान वर आलं.

थोरली भिंतीशी गेली, पान पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "मागितला असतास तर दिला असता."

धाकटीला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मी काही घेतलेलं नाही, ताई," एवढंच म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

तेव्हापासून भिंतीवर कप आला नाही. मला त्या दिवशी तोंड नसल्याचं जितकं वाईट वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नाही. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच छापखान्यात कामाला. ते तिकडे खुशाल एकत्र चहा प्यायचे आणि घरी निरोप आणायचे, 'वहिनीला सांग, उद्या पाणी येणार नाही.' पाच फुटांवर उभ्या असलेल्या बाईला निरोप जायचा तो छापखान्यातून फिरून. चार वाजता थोरली टेबलाशी बसून राहायची. घड्याळ उघडं, चिमटा हातात, आणि नजर खिडकीबाहेर. माणसं आम्हा कंदांना हट्टी म्हणतात.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बोंडं पिकली. फूल गळलं की आमचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि बोंड मातीशी आणून ठेवतो. थोरलीला ते नेहमीच आवडतं, स्प्रिंग तिच्या धंद्यातलीच. तिनं बी बशीत काढलं, बशी माझ्याजवळ ठेवली आणि दार वाजलं म्हणून आत गेली. गिऱ्हाईक बोलघेवडं निघालं. परत आली तर बशी अर्धी रिकामी.

तिनं कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि खाली वाकली. आमच्या बियांवर गोड, चिकट लेप असतो. मुंग्यांची रांग लागली होती. एकेक मुंगी एकेक बी उचलून चालली होती, अंजिराच्या मुळावरून, विटांच्या कडेनं, थेट भिंतीच्या तळाच्या फटीत. थोरली गुडघ्यांवर रांगत त्यांच्यामागे गेली. मग उठून भिंतीवरून पलीकडे वाकून पाहिलं. रांग तिकडे बाहेर पडत होती, नेमकी रुपेरी पानांच्या जागेशी.

ती तिथेच मातीत बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जा आणि तिला सांगून ये, इतकं सोपं आहे. ती म्हणाली, तुम्हाला सोपं आहे, मी कोणत्या तोंडानं जाऊ? दोन दिवस तिच्या हातून एकही घड्याळ नीट लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खुरपं घेऊन अंजिराखाली आली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर काढलं. कष्टानं काढलं, एक ओरखडा येऊ दिला नाही. जवळचं सर्वांत चांगलं ती देऊन टाकत होती, आणि ते सर्वांत चांगलं म्हणजे मी, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं मला धाकटीच्या पायरीवर ठेवलं आणि दार न वाजवता परतली.

धाकटीनं कागद उघडला. मला दोन्ही हातांत धरून ती पायरीवरच बसली. रडली. पण हे मी सांगितलं, असं तिला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता तिनं भिंतीलगत खड्डा खणला, थोरलीच्या खिडकीतून सरळ दिसेल असा. मला उचललं आणि पालथं घातलं. आता हे समजून घ्या. माझी मुळं वरून आणि कडेनं फुटतात, खालची बाजू गुळगुळीत असते. नवखा माणूस मुळांची बाजू खाली करतो आणि मला डोक्यावर उभा करतो. इतकी वर्षं ताठ मानेनं जगलो, आणि शेवट असा? तिनं वर माती लोटायला सुरुवात केली. पहिल्यांदाच मी घाबरलो.

खिडकीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. मग भिंतीवरून थोरलीचा आवाज, तीन वर्षांनी.

"अगं, उलटा लावलास तो."

धाकटीनं मान वळवली नाही. "उलटा कसा? मुळं खालीच जातात ना?"

"याची वरून फुटतात. गुळगुळीत बाजू खाली घे."

"मला नाही जमत, ताई. तुम्हीच या आणि लावून द्या."

भिंतीला दार नाही. थोरली रस्त्यानं वळसा घालून आली, घरातल्या सपाता पायात, भिंग कपाळावर तसंच. धाकटीशेजारी बसली, मला काढून सरळ केलं, वर बोटभर माती घातली. हात मातीत ठेवूनच म्हणाली, "बी मुंग्यांनी नेलं होतं गं. चार दिवसांपूर्वी पाहिलं मी. मी तुला चोर म्हटलं."

"चोर नव्हतं म्हटलं. मागितला असतास तर दिला असता, असं म्हणाला होतात तुम्ही."

"ते त्याहून वाईट होतं."

"होतं," धाकटी म्हणाली. मग उठून आत गेली आणि चहा ठेवला.

आता पावसाळा सरलाय. मी नव्या जागी फुललोय. जागा अगदी अंजिराखालच्यासारखी नाही, पण मी कुठेही फुलतो. शेजारी माझीच अकरा पोरं आहेत, मुंग्यांनी आणलेली. आमच्यात आई आणि बाप एकच असतो, तेव्हा ती मला काय म्हणतात ते विचारू नका. मुळं एकमेकांना लागल्यावर बोलणं सुरू झालं. मी धाकटीच्या अडाणीपणाबद्दल कुरकुरलो. त्यातलं एक हसत सुटलं. म्हणालं, अहो, गेल्या वर्षी आम्ही दाटीवाटीनं वाढलो होतो, तेव्हा तिनंच आम्हा अकरा जणांना उपटून अंतरानं लावलं. अकराच्या अकरा सरळ. गुळगुळीत बाजू खाली, हे भिंतीवरच्या चहात ती केव्हाच शिकली होती.

तेव्हा माझी एवढीच विनंती. माझ्या जातीतलं कुणी घरी न्याल तर आधी जागा बघा, मग जात निवडा. उन्हाळ्यात झोपलो तर झोपू द्या. डोक्यावर पाणी ओतू नका. आणि पालथा शक्यतो लावू नका. पण भिंतीपलीकडे कुणी तीन वर्षं गप्प असेल, आणि त्या माणसाला आमच्यातलं कळत असेल, तर एकदा लावून बघा. चार वाजता लावा, खिडकीतून दिसेल असा. मी तेवढा वेळ डोक्यावर उभा राहीन.