अनवाणी अर्धा तास

“काऊन वं दुर्गेश्वरी, चप्पल हातात धरून कुठून येऊन राहिली सकाळी सकाळी?”

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या त्या गल्लीत सुमित्राबाईंच्या दारावरून प्रश्न चुकवून कुणी जात नाही. दुर्गेश्वरीच्या चपलेचा पट्टा तुटला होता, खडी टोचत होती आणि वाटेत दूध घ्यायचं होतं. “नागरा रोडवरून,” एवढंच बोलून ती पुढे झाली.

सुमित्राबाईंनी बेरीज मांडली. सकाळची वेळ, नागऱ्याचा रस्ता, तिथं महादेवाचं जुनं मंदिर आणि पाय अनवाणी. बेरीज बरोबर आली का, हे तपासत बसणाऱ्यांपैकी त्या नाहीत. उत्तर मात्र ताबडतोब वाटून टाकतात.

दुर्गेश्वरी दूध घेऊन घरी पोचली तेव्हा सासूबाई, शामकलाबाई, दारातच उभ्या होत्या.

“नवस बोलली अन् मले सांगतलंबी नाही?”

दुर्गेश्वरीनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिला आत गॅसवर चहाला उकळी फुटलेली ऐकू आली. न्हाणीतून गुड्डूच्या रडण्याचा आणि नवऱ्याच्या, कैलाशच्या, ओरडण्याचा आवाज येत होता: “डोळे मीट ना बे, साबण जाते!” म्हणजे चहा झाला होता आणि पोराची आंघोळही चालली होती. तिनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. त्या दिवशी ती खोटं एक अक्षर बोलली नाही. खरंही बोलली नाही.

खरं एवढंच होतं, की डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. गोंदियात कृषी केंद्राच्या काउंटरवर दिवसभर बिलं करून तिची कंबर धरायची. आधी तिनं घरातल्या घरात जमवून पाहिलं होतं. मोबाइल लावून गच्चीवर योगासनाला वाकली, तर गुड्डू घोडा-घोडा करत पाठीवर चढला. खालून सासूबाईंची हाक आली, “चायपत्ती कुठं हाय वं?” चायपत्तीचा डबा लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून एकाच फळीवर आहे. कैलाशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान उशिरा उघडतं, मनही मोठं आहे. “तू आरामात कर ना यार,” तो म्हणाला, “बस, माहा डबा तेवढा भरून दे.”

म्हणून त्या सकाळी ती कुणाला न सांगताच निघाली होती. नागऱ्यापर्यंत नव्हे, अलीकडच्या पुलियापर्यंत. तिथं त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसली, धानाच्या बांधांवरचे बगळे बघितले. कुणी हाक मारली नाही. आणि परतताना चप्पल तुटली.

आपल्याकडे घराचा हिशेब असा आहे: बाईनं स्वतःसाठी घेतलेला अर्धा तास खर्चात पडतो, देवासाठी घेतलेला जमेत. दुर्गेश्वरीला खातं आयतंच उघडून मिळालं. किंमत एकच, रोज अनवाणी जायचं. तिनं ती दिली. सुरुवातीला तळव्यांना फोड आले, मग कातडी जाड झाली.

व्याजही भरावं लागलं. गल्लीतल्या गीताबाई पाण्याचा लोटा घेऊन उभ्या राहू लागल्या. “माह्या गुडघ्यासाठी वाहून देजो वं पिंडीवर.” दुर्गेश्वरी लोटा घ्यायची आणि पुलियाजवळच्या पळसाच्या बुडाशी रिकामा करायची. महादेव काय तिथं नसेल? गीताबाईंच्या गुडघ्याला उतार पडल्याचं गल्लीत बोललं जाऊ लागलं. पळसही बरा दिसत होता.

सासूबाईंनी मात्र काय मागितलं, ते एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी ओसरीत बसून मेण पातळ करायचं आणि आपल्या टाचांच्या भेगांत भरायचं, हे त्यांचं जुनं काम. आता वाटी त्या सुनेकडे सरकवायच्या. “घे. तुलेबी लागते आता.”

मग उन्हाळ्याच्या तोंडावर थोरल्या लेकीचा, गुंजनचा, नवोदय विद्यालयात नंबर लागला. पोरगी आनंदानं नाचली, कैलाशनं पेढे आणले, आणि सुमित्राबाईंनी दारातूनच निकाल दिला, “पावला महादेव! आता फेडून टाक वं नवस.”

पोरीच्या यशानं दुर्गेश्वरीचे डोळे भरून आले, ते खरंच. पण त्याच वेळी आपला अर्धा तास गेला, हेही तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

नवस फिटल्याचं जेवण झालं. गल्ली जेवली. वडे, खीर, भात, सगळं करणारी तीच. मोठा घास घेत कैलाश म्हणाला, “चल, आता सकाळी तू घरी. गुड्डूच्या आंघोळीतून मी सुटलो!” सगळे हसले. दुर्गेश्वरीही हसली. सासूबाई पत्रावळीवरचा भात कालवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डोळा नेहमीच्या वेळी उघडला. दुर्गेश्वरी उठली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहिली. तळपाय फरशीवर उगाच हुळहुळत होते.

“काऊन, गेली नाही?” मागून शामकलाबाई.

“नवस फिटला ना, आई.”

“कोन्ता?”

दुर्गेश्वरीनं आधणात साखर टाकली.

शामकलाबाई पाटावर बसल्या आणि त्यांनी पाय पुढे पसरले. “ह्या भेगा कायच्या समजून राहिली तू? वावरातल्या? दर सोमवारी मी अनवाणी पायी नागऱ्याले जाओ. कैलाश कालेजात जाईस्तोवर. तुहा सासरा म्हणे, देवाचं काम हाय, जाऊ दे तिले.”

“काय मागितलं होतं, आई?”

“मांगाले काय होतं?” शामकलाबाई टाचेवरून बोट फिरवत म्हणाल्या. “घरातून निघाली का भेटे.”

आधण उकळलं. दुर्गेश्वरीनं चायपत्तीच्या डब्याला हात लावला.

“ठेव तो. कैलाश मांडते चाय. त्याले का हात नाही? अन् चप्पल घालून जाय. माह्यावानी पाय करून घेऊ नको.”

दारात नवी चप्पल होती. पट्टे ताठ होते, पहिल्यांदा चावले. गल्लीत चटक चटक आवाज करत ती निघाली, तशा सुमित्राबाई झाडू हातात धरूनच फाटकाशी आल्या.

“आता कायचा नवस वं?”

“नवस नाही, काकू. फिरून राहिली.”

“नुसतीच?”

“नुसतीच.”

सुमित्राबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी त्यांचा झाडू काही हलला नाही. बेरीज जमत नव्हती.